कॅश आयसा: आहे तिथेच ठेवावा, ईझी ॲक्सेसमध्ये हलवावा की फिक्स्डमध्ये गुंतवावा?

ब्रिटनमध्ये कॅश आयसा (ISA, म्हणजे व्याजावर कर न लागणारे बचत खाते) उघडताना जो दर पाहून आपण बँक निवडतो, त्यात अनेकदा पहिल्या बारा महिन्यांचा बोनस धरलेला असतो आणि तो संपला की व्याज गुपचूप खाली येते. हिशेबापुरते धरायचे तर 20,000 पौंडांवर दीड टक्क्याने वर्षाला 300 पौंड मिळतात आणि चार टक्क्यांनी 800, त्यामुळे मुदत नसलेल्या जुन्या खात्यात रक्कम तशीच पडू देण्याचे समर्थन मला तरी करता येत नाही.

खरी निवड ईझी ॲक्सेस आणि फिक्स्ड रेट यांच्यात आहे. ईझी ॲक्सेसमध्ये पैसे हवे तेव्हा काढता येतात, पण बँक दर केव्हाही बदलू शकते. शिवाय काही खात्यांत वर्षाला ठरावीक वेळांपेक्षा अधिक वेळा पैसे काढल्यास दर घटतो, आणि ही अट बारीक अक्षरात असते. फिक्स्डमध्ये दर मुदतभर पक्का राहतो, मात्र मुदतीआधी बाहेर पडल्यास ठरावीक दिवसांचे व्याज दंड म्हणून कापले जाते. घराच्या डिपॉझिटसाठी वर्षभरात लागणारी रक्कम फिक्स्डमध्ये अडकवू नये. दोन वर्षे हात लावायचा नसेल आणि दर उतरण्याची शक्यता वाटत असेल, तर फिक्स्ड उजवे ठरते.

आधीच फिक्स्डमध्ये असलेल्यांनी दंडाचा हिशेब कागदावर मांडावा. समजा, साडेतीन टक्क्यांच्या खात्यात 20,000 पौंड आहेत, मुदतीचे आठ महिने उरले आहेत आणि दंड 180 दिवसांच्या व्याजाचा, म्हणजे सुमारे 345 पौंडांचा आहे. सव्वाचार टक्क्यांच्या खात्यात गेल्यास त्या आठ महिन्यांत जास्तीचे मिळतील ते फक्त 100 पौंड. अशा वेळी मुदत संपेपर्यंत थांबावे.

साध्या बचत खात्याचा दर थोडा जास्त दिसतो, म्हणून आयसा मोडण्याचा मोहही होतो. चाळीस टक्के कर भरणाऱ्याला वर्षाला केवळ 500 पौंडांचे व्याज करमुक्त मिळते. दुसरे व्याज नसेल, तरी साध्या खात्यात 4.3 टक्क्यांनी आलेल्या 860 पौंडांतून 144 पौंड कर जाऊन त्याच्या हाती 716 उरतात, तर आयसातील चार टक्क्यांचे 800 पूर्ण मिळतात. वीस टक्के कर भरणाऱ्याची सवलत 1,000 पौंडांची असल्याने लहान रकमेवर त्याला आज फरक जाणवणार नाही.

खाते कोणतेही निवडा, पैसे स्वतः काढून नव्या बँकेत भरू नका. नव्या बँकेचा आयसा ट्रान्सफर फॉर्म भरावा, म्हणजे ती जुन्या बँकेकडून रक्कम परस्पर मागवते. कॅशमधून कॅशमध्ये हे काम 15 कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवे. जुनी बँक जाऊ देण्यास बांधील असते, पण नवी बँक स्वीकारण्यास नाही, म्हणून जुन्या आयसाची रक्कम ती घेते का, हे आधी पाहावे. साठलेले 45,000 पौंड हाताने काढले, तर खाते फ्लेक्सिबल (काढलेली रक्कम त्याच करवर्षात मर्यादा न वापरता परत भरू देणारे) नसल्यास वर्षाला नवे पैसे भरण्याच्या मर्यादेत फार तर 20,000 परत आत जातील आणि उरलेल्या रकमेचे करमुक्त कवच जाईल. एप्रिल 2027 पासून 65 वर्षांखालील व्यक्तींसाठी कॅश आयसाची वार्षिक मर्यादा 12,000 पौंड होणार असल्याचे जाहीर झाले आहे, त्यामुळे ही चूक पुढे अधिकच महाग पडेल. आणखी एक तपासणी म्हणजे ठेव संरक्षण: 1 डिसेंबर 2025 पासून ते प्रत्येक परवानाधारक बँकेमागे व्यक्तीला 1,20,000 पौंडांपर्यंत आहे.

भारतात परतण्याचा विचार असणाऱ्यांनी मुदत निवडताना तेही लक्षात घ्यावे. ब्रिटनचे रहिवासी न राहिल्यावर आयसा चालू ठेवता येतो, पण त्यात सहसा नवी भर घालता येत नाही. आणि भारतात आयकराच्या नियमांनुसार सामान्य रहिवासी (ऑर्डिनरिली रेसिडेंट) ठरल्यावर त्याचे व्याज तिथे करपात्र होते.