एटोरिकॉक्सिब: गुडघ्याला फुल मार्क, प्रेशरला शून्य

गेल्या चवथीला आई तीन दिवस पाटावर बसून नेवऱ्या (करंज्या) करत होती, उजवा गुडघा असा सुजला की गाडीत बसवायला दोघं लागले. फोंड्याच्या डॉक्टरनी एटोरिकॉक्सिब ६० मिग्रॅ ही दुखण्या-सुजेवरची गोळी लिहून दिली, दिवसाला एकच, सात दिवस. हा रिव्ह्यू त्या गोळीचाच.

काम करते, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी आई स्वतः उठून तुळशीला पाणी घालून आली. एकच गोळी पुरते कारण ती अंगात दिवसभर टिकते, आणि डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलरपेक्षा पोटाला कमी त्रास, कारण ही मुख्यतः सूज आणणाऱ्या कॉक्स-२ एन्झाइमवर जाते, पोटाचं अस्तर सांभाळणाऱ्या कॉक्स-१ च्या वाटेला फारशी जात नाही. अल्सरवाल्यांनी तरी चान्स घेऊ नये.

घोळ पुढे झाला. सात दिवस संपले आणि आईने गपचूप दादाला रिकामी स्ट्रिप देऊन बाजारात पाठवलं, तिथल्या एका फार्मसीवाल्याने चिठ्ठी न मागता दहा गोळ्या दिल्या, त्या पण ९० च्या! अरे बाबा, पाकिटावर लाल पट्टी कशाला असते? आई म्हणे जास्त पॉवरची म्हणजे बरीच की. सहाव्या दिवशी चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला, आम्हाला वाटलं गुडघ्याचीच सूज खाली उतरली, पण प्रेशर बघितलं तर १६८/१००, आणि प्रेशरची गोळी टेल्मिसार्टन तर रोज चालू. डॉक्टर भडकले. ही गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते आणि प्रेशरच्या गोळीचा जोर पण कमी करते म्हणाले, प्रेशर कायम १४०/९० च्या वर असेल तर द्यायचीच नसते, हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक होऊन गेलेल्यांना पण नाही. किडनीची टेस्ट पण करून घेतली, सुदैवाने नॉर्मल आली. ह्याच जातीची रोफेकॉक्सिब २००४ साली हार्टच्या धोक्यामुळे कंपनीने मार्केटमधून काढून घेतली होती, हे तेव्हा कळलं.

आमच्या काकाची वेगळीच तऱ्हा, त्याला गाऊटच्या सांधेदुखीसाठी १२० ची लिहून दिलेली, ती जास्तीत जास्त आठ दिवस, आणि हा संध्याकाळी वर फेणी मारतो. पोटात रक्तस्राव होईल म्हटलं तर म्हणतो फेणी औषधीच!

आई आता पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याच्या पिशवीवर आहे. यंदा नेवऱ्या टेबलावर करायच्या म्हटलं तर तोंड वाकडं करून बसलीय.