आठ महिने डेसिबल मीटर वापरल्यावर

गणपतीआधी आमच्या ढोल पथकाचा सराव पुण्यात नदीपात्रात सुरू झाला की समोरच्या इमारतीतल्या एक काकू हमखास भांडायला येतात. गेल्या जुलैत त्यांना आकडाच दाखवू म्हणून साडेतीन हजारांचा हातातला डेसिबल मीटर घेतला. आकडा काही मला वाचवू शकला नाही, पण मीटर आवडला.

पहिला धडा घरातच मिळाला. रात्री फ्रिज ३८, सकाळी मिक्सर ७६. आई म्हणाली, "म्हणजे दुप्पटच की!" पण डेसिबलचा हिशोब बेरजेचा नाही, पटींचा. साधारण दर १० डेसिबलला कानाला आवाज दुप्पट वाटतो, म्हणजे मिक्सर जवळजवळ चौदापट. शून्य डेसिबलही शांतता नव्हे, ऐकू येण्याची किमान पातळी म्हणून धरलेला २० मायक्रोपास्कल दाब. माझा मीटर तर ३० च्या खाली उतरतच नाही.

पथकातल्या पोरांना वाटलं, एकाचे दोन ढोल केले की आकडा दुप्पट होईल. वाढला जेमतेम ३ ने. मोकळ्या मैदानात १० मीटरवरून २० मीटरवर गेलो तर ६ ने उतरला. तेव्हापासून कुणी "आमचा डीजे ११० ला जातो" म्हणालं की मी आधी विचारतो, किती लांबून?

खरी गंमत ए आणि सी या बटणात आहे. ए म्हणजे कानाच्या सवयीची चाळणी. खालच्या पट्टीतले आवाज कान कमी टिपतो, म्हणून ५० हर्ट्झला ती ३० डेसिबल कापते, १००० हर्ट्झला काहीच नाही. सी जवळपास सगळं मोजते. मिरवणुकीत डीजेसमोर छाती धडधडत होती, ए वर ८८ आणि सी वर १०३! नियमातली निवासी भागाची मर्यादा, दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५, ए वरचीच आहे.

आणि ती मर्यादा ठरावीक वेळेच्या सरासरीची. इथेच माझा मीटर कच्चा. सरासरी काढतच नाही, फक्त सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो. त्यामुळे ताशाची एक तर्री आणि तासभराचा गोंगाट त्याच्या लेखी सारखाच. घेणाऱ्याने सरासरीची सोय बघूनच घ्यावा, हजार-दोन हजार जास्त गेले तरी. माइकवरचा स्पंज हरवू नका. माझा हरवला, आणि नदीकाठच्या नुसत्या वाऱ्याला मीटर ७० दाखवू लागला. एका मित्राने कॉलेजच्या प्रयोगशाळेत ९४ डेसिबलच्या प्रमाण आवाजावर तपासून दिला तेव्हा १.२ कमी दाखवत होता. स्क्रूने जुळवला. नऊ व्होल्टची बॅटरी मात्र दोनदाच बदलली.

शेवटच्या सरावाला मीटर घेऊन काकूंच्याच गॅलरीत गेलो. ए वर ६६, सी वर ७९. काकूंनी दोन्ही आकडे नीट पाहिले.

"हा दुसरा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या खिडकीच्या काचा याच आकड्याला थरथरतात."