जुन्या शास्ताचा पत्रा उतरवून घेतला: काम चोख, बिलाचं मात्र आधी बोलून घ्या

आमच्याकडे साठच्या दशकातला शास्ता कंपनीचा ट्रेलर आहे, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, मागे दोन्ही बाजूंना ते पंख असतात ना, तोच. बाहेरून टकाटक, पण पुढच्या कोपऱ्यात आतलं पॅनल दाबलं की बोट आत जायचं. म्हणजे सांगाडा कुजलाय हे उघडच होतं. या ट्रेलरला ॲल्युमिनियमचा पत्रा सगळ्यात शेवटी लागतो, लाकडी पट्ट्यांवर, त्यामुळे लाकूड बदलायचं तर पत्रा उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. अमेरिकेत इंडियानातलं एल्खार्ट म्हणजे आरव्हीवाल्यांची, अशा फिरत्या घरांवाल्यांची, पंढरीच, तिकडच्याच एका छोट्या वर्कशॉपला काम दिलं.

तिथला म्हातारा मेकॅनिक म्हणजे काय हात आहे हो! आधी खिडक्या, दार, दिवे काढले. मग कडेच्या मोल्डिंगमधली विनाइलची पट्टी ओढली, ती बिस्किटासारखी तुटत होती, आणि खाली स्क्रूंची रांग, गंजलेली, भोवती पांढरी पावडर. लोखंडी स्क्रू, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यात पाणी, मग तसंच होणार. ड्रिल लगेच लावला नाही त्याने, आधी हाताने फिरवून बघायचा आणि अगदीच अडला तरच डोकं ड्रिलने उडवायचा. मोल्डिंग निघाल्यावर रुंद पातळ पुट्टी नाइफ सरकवत सरकवत स्टेपल सैल केल्या आणि एकेक पक्कडीने उपटली. घाई नाही, कारण हा पत्रा इतका पातळ की एकदा दुमडला की ती घडी काही जात नाही, आणि रंग मारला की उलट जास्तच दिसते. प्रत्येक पत्र्यावर निळी टेप, नंबर, वरची बाजू कुठली त्याचा बाण, वर फोटो. पत्रे एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून ज्या क्रमाने निघाले ते लिहून ठेवणं फार कामाचं, बसवताना त्याच्या उलटं जायचं.

आत काय निघालं विचारू नका. इन्सुलेशनमध्ये उंदरांनी संसार थाटलेला आणि वरच्या छोट्या दिव्यांखालचं लाकूड काळं ठिक्कर, पाणी तिथूनच मुरत होतं, आणि आम्ही मात्र इतके दिवस खिडकीलाच दोष देत होतो.

आता तक्रार. आधीच्या मालकाने जिथे तिथे सिलिकॉन फासलं होतं, ते खरवडायचे तास वेगळे लावले आणि हे बिल हातात आल्यावर कळलं. सिलिकॉन राहिलं तर त्यावर ना रंग धरत ना दुसरं सीलंट, हे मान्य, काम गरजेचंच होतं, पण आधी एक फोन करायला काय झालं होतं? एस्टिमेटमध्ये 'जुनं सीलंट काढणे' लिहून घ्याच.

परत बसवताना फटी बंद करायला ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) आणि स्टेनलेस स्क्रू वापरा म्हणून त्यांनीच आग्रह धरला, ते आवडलं. जुनी पुट्टी वाळून दगड होते, ब्यूटाइल मऊ राहतं.

एअरस्ट्रीम (दुसऱ्या कंपनीचा ट्रेलर) असेल तर इथे नेऊ नका, ते रिव्हेटचं काम, पत्रा स्वतःच भार घेतो, तिथे वेगळा माणूस लागतो. आणि १९७८ च्या आधीचा रंग असेल तर घासण्याआधी त्यात शिसं (लेड) आहे का याची टेस्ट करून घ्या, यांनी न विचारता सँडर लावला नाही हे त्यांचं कौतुकच.

चार स्टार, एक बिलापायी कापला. विनाइलची पट्टी नवीनच मागवा, जुनी परत बसत नाही.