ओकच्या नावाखाली ओलं लाकूड, तेही मापाचा तिसरा हिस्सा: आमचे ८९० डॉलर असे गेले

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या, घरात वुड स्टोव्ह (घर गरम ठेवायची लाकडाची शेगडी) असलेल्या प्रत्येक मराठी माणसाने हे वाचावं. जळाऊ लाकूड विकणाऱ्याने आम्हाला फसवलं. जाहिरात, गोड बोलणं, थोडा अ‍ॅडव्हान्स, मग अचानक घाई, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, ते परत सांगत नाही. पण लाकडात नेमकं कुठे मारतात हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि आपल्याला ठाऊक नाही हे असल्या विक्रेत्यांना पक्कं ठाऊक असतं.

ठरलं होतं ते असं: दोन कॉर्ड (कॉर्ड हे रचलेल्या लाकडाचं माप) वाळलेला रेड ओक, कॉर्डला ४२५ डॉलर, घरपोच आणायचे ४०. एकूण ८९०. त्यातले ३०० आधी बँकेच्या अ‍ॅपवरून पाठवले, ५९० रोख दारात दिले. हा भाव आमच्या भागातल्या चालू भावाएवढाच होता, त्यामुळे 'स्वस्ताच्या मोहात पडलात' असं कृपा करून कोणी सुनावू नये. पूर्ण किंमत मोजली ती जड लाकडासाठी. वाळलेल्या ओकच्या एका कॉर्डमधून साधारण २.४ कोटी बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता मिळते, पांढऱ्या पाइनमधून दीड कोटीच्या आसपास. रात्री स्टोव्ह भरून झोपलं तर सकाळी निखारे शिल्लक राहतात ते ओक, हिकरी, लोकस्ट असल्या लाकडाचेच.

आता तो पिकअप. तो आठवला की अजून अंगाची आग होते. कडांना फळ्या ठोकून उंच केलेला, वरपर्यंत भरलेला एकच पिकअप ड्राइव्हवेत शिरला. एक कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब, नीट रचलेलं १२८ घनफूट लाकूड. तेच न रचता नुसतं टाकलं तर १८० घनफुटांच्या आसपास जागा खातं. ओल्या ओकचा एक कॉर्ड दोन टनांहून जड भरतो. दोन कॉर्ड एका पिकअपमध्ये मावूच शकत नाहीत! मी विचारलं, "दुसरी खेप कधी?" विक्रेता म्हणाला, "मॅडम, दोन्ही यातच आहेत, रचलं की दिसेल." हे विचारेपर्यंत त्याने अर्धा माल जमिनीवर ओतलाही होता. अंधार पडत होता, रात्री बर्फ सांगितला होता, नवरा कामावर आणि मूल कडेवर. पैसे घेतल्याशिवाय तो हलेना. अशा वेळी टेप घेऊन कोण मोजायला बसणार? साताऱ्याकडे आमच्या घरी बंबाला बाभळीचं लाकूड लागायचं, ते वखारीतून वजनावर यायचं, काटा डोळ्यांसमोर असायचा. घनफुटात लाकूड मोजायची सवय आपल्याला असणार कुठून?

दुसऱ्या दिवशी रचलं. चळत भरली १६ फूट लांब, ४ फूट उंच, १६ इंच खोल. म्हणजे ८५ घनफूट. हवं होतं २५६. फोन केला तर म्हणे, "मी फेस कॉर्ड दिलेत." फेस कॉर्ड म्हणजे चार फूट उंच, आठ फूट लांब अशी एकच ओळ. सोळा इंची तुकड्यांच्या अशा तीन ओळी लावल्या की एक कॉर्ड होतो. त्याच्या मेसेजमध्ये 'फेस' हा शब्द कुठेही नाही, सगळीकडे नुसतं 'कॉर्ड'. हिशोब केला तर खऱ्या कॉर्डला आम्ही १,३३५ डॉलर मोजले. मेसेजमध्ये घनफूट लिहून घ्या. 'ट्रकभर', 'ढीगभर' असलं काही चालवून घेऊ नका.

आणि लाकूड तरी कसं! मॉइश्चर मीटर (लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र) सालीजवळ टोचला तर १७ टक्के. तोच तुकडा कुऱ्हाडीने फोडून आतल्या ताज्या अंगाला टोचला तर ३४. जाळायला २० च्या खाली हवं. ओकची टोकं बाहेरून करडी पडतात, त्यांना चिरा जातात आणि आत पाणी तसंच राहतं. फोडून रचल्यावरही ओकला वाळायला दोन वर्षं लागतात. मीटर तीस-चाळीस डॉलरला मिळतो, आधी तो घ्या, आणि माल ओतण्याआधी विक्रेत्यासमोर एक तुकडा फोडा. आंबूस वास आला तर रेड ओक ओला आहे. दोन सुके तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतात, हे आमच्या घरातल्या बायका मीटरशिवाय ओळखत. ढिगाच्या तळाशी तर पॉप्लर निघाला, हातात घेतला की लगेच कळतं, हलका.

पेटवलं की टोकांतून फेस आणि नुसतं चरचरणं. सगळी उष्णता पाणी उकळण्यात गेली. काच काळी झाली, घर थंडच. धूर गार पडून धुराड्याच्या आत क्रिओसोट, म्हणजे डांबरासारखा काळा थर, साचतं, आणि तेच पुढे पेट घेऊन घराला आग लावतं. धुराडं साफ करायला आलेल्या माणसाने चकचकीत काळा थर दाखवला आणि २८५ डॉलर घेतले. लहान मूल वरच्या खोलीत झोपतं, त्याच भिंतीतून ते धुराडं जातं. म्हणून हा प्रश्न नुसत्या पैशांचा नाही.

तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले हा दिवाणी वाद आहे. वजन-मापाच्या कार्यालयात फोन उचलला गेला तेव्हा उत्तर मिळालं: चळत हलवू नका, जाळू नका, आम्ही येऊन मोजू. उणे तापमानात, घरात मूल असताना, जाळू नका! थांबलो. कोणी आलं नाही. पुन्हा विचारलं तर पावती मागितली, मग गाडीचा नंबर, मग विक्रेत्याचं कायदेशीर नाव आणि पत्ता. अहो, ते माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? फोटो, टेप लावलेली चळत, सगळे मेसेज पाठवले. उत्तर आलं की फोटोवरून माप धरता येत नाही. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मागता येणार नाहीत. ज्या साइटवर जाहिरात होती तिने खातं बंद केलं आणि त्याबरोबर आमचं बोलणंही पुसलं. स्क्रीनशॉट काढले नसते तर हातात काहीच उरलं नसतं. स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमांचे दावे चालतात तिथे) जा असं जो तो सांगतो, आणि तिथे अर्जावर पहिली रिकामी जागा असते ती प्रतिवादीच्या पत्त्याची. कायदा आहे, माप ठरलेलं आहे, पगारी माणसं आहेत, आणि ८५ घनफुटांची चळत कोणी येऊन बघत नाही.

गाडी आली की आधी नंबर प्लेटचा फोटो काढा. अ‍ॅडव्हान्स देऊ नका. पावतीवर नाव, पत्ता, झाडाची जात आणि घनफूट नसतील तर माल उतरू देऊ नका, बर्फ पडत असला तरी. पुढच्या हिवाळ्याचं लाकूड या वसंतातच (ओला ओक असेल तर दोन वर्षं आधीच) घेऊन वर छप्पर, बाजू उघड्या, असं रचून ठेवा, म्हणजे घाईत कोणाच्या दारात जावं लागणार नाही. 'भट्टीत वाळवलेलं' म्हणाला तरी फोडून मीटर लावाच.

कार्यालयातल्या एका बाईंनी शेवटी एवढं कबूल केलं की त्याच माणसाविरुद्ध आणखी तक्रारी आल्या तर फाइल पुन्हा उघडता येईल. फळ्या लावून उंच केलेल्या पिकअपमधून, ४२५ च्या भावाने, 'दोन्ही यातच आहेत' म्हणत कोणी तुम्हालाही लाकूड टाकलं असेल तर चळत मोजा, फोटो काढा, आणि लाज न बाळगता तक्रार नोंदवा. माझी नोंदवलेली आहे.