दांडिया बाजारातला मोडी वाचन वर्ग : पीएच.डी. करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

माझा प्रबंध बडोद्यातली अरब शिबंदी, म्हणजे पगारी अरब सैनिक, आणि तिला पैसा पुरवणारे सावकार यांवर आहे, काळ १८०० ते १८२०. सिनॉप्सिस मंजूर झाला तेव्हा, हे जुने कागद ज्या लिपीत आहेत ती मोडी मला येत नव्हती. कागद दुसऱ्याकडून वाचून घेऊ, असं गृहीत धरलं होतं. म्हणून हा वर्ग कसा आहे ते सांगण्याआधी मी तिथे का गेले ते सांगते.

दफ्तरखान्यातून मिळालेल्या पत्रांच्या चाळीस पानांच्या नकला मी एका ऑनलाइन लिप्यंतर सेवेकडे पाठवल्या होत्या. दर पानामागे दीडशे रुपये. दहा दिवसांत सगळं टाइप होऊन आलं, सुबक, समासासकट. त्यातल्या एका पत्रावर तारीख होती : ‘छ १२ सफर, सन सलास मयातैन व अलफ’. सेवेने खाली लिहिलं होतं, हिजरी १२०३, इ.स. १७८८. अरबांच्या थकलेल्या पगाराची तक्रार त्या पत्रात होती. त्यावरून मी ‘ही थकबाकी गोविंदराव गायकवाडांच्या हाती राज्य येण्याच्या आधीपासूनची’ असं ठासून लिहिलं आणि दुसऱ्या प्रकरणाची अकरा पानं त्या एका वाक्यावर उभी केली. गाईड मॅडमनी पेन्सिलीने एवढंच विचारलं, “तारीख कुठून आणलीस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी दांडिया बाजारातल्या या वर्गात गेले. तो घेणाऱ्यांना आम्ही काका म्हणतो. पहिल्याच आठवड्यात ते पत्र मी त्यांच्यापुढे ठेवलं. काकांनी उत्तर सांगितलं नाही. फळ्यावर अरबी आकडे लिहिले : सलास तीन, मयातैन दोनशे, अलफ हजार. एकंच्या घरापासून वर चढत वाचायचं. झाले बाराशे तीन. “आता हे साल कुठलं ते तू सांग.” हे हिजरी साल नाही, हा सुहूर सन, मृग लागला की बदलणारा, त्यात ५९९ मिळवले की ते साल ज्या इसवी सनात सुरू झालं तो सन येतो. आले १८०२. महिना आणि तिथी मात्र चांद्र, ती ‘छ’च्या पुढे. सफर त्या वर्षी जूनमध्ये आला होता, म्हणजे पत्र १८०२ च्या जूनच्या मध्याचं. आनंदराव गायकवाड गादीवर, रावजी आपाजी दिवाण, कंपनीशी नुकताच करार झालेला, आणि पुढे त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्रजी फौजेने अरबांना शहराबाहेर काढलं. चौदा वर्षं सरकल्यावर त्या तक्रारीचा अर्थच बदलला. त्या रात्री मी अकराही पानं बाजूला काढली. वाईट वाटलं, पण हातात पहिल्यांदा काहीतरी खरं आलं होतं.

वर्ग आठवड्यातून दोनदा भरतो, बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी, एका जुन्या वाड्याच्या माडीवर. चोवीस तासिकांचे अडीच हजार रुपये. आम्ही सहाजण आहोत. त्यात दोन गुजराती मुलं आहेत, आणि त्यांचं मोडी वाचन माझ्यापेक्षा पुढे गेलंय. पहिल्या चार तासिका फक्त बोरूने लिहायचं : आधी पानभर रेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जायची. मला हे वेळ घालवणं वाटलं होतं. पण हाताला वळण कळल्यावरच डोळ्याला कळतं की लेखक घाईत होता आणि त्याने ‘स’ची शेपटी पुढच्या अक्षरात घुसवली आहे. ऱ्हस्व-दीर्घ मोडी पाळत नाही, तेव्हा शब्द संदर्भानेच ओळखावा लागतो. आणि संदर्भ प्रबंध लिहिणाऱ्याला माहीत असतो, पानामागे पैसे घेणाऱ्याला नाही. माझ्या हिशेबाच्या पानांत ‘वरात’ हा शब्द सेवेने लग्नखर्चात टाकला होता. ती एखाद्या महालाच्या, म्हणजे तालुक्यासारख्या भागाच्या, वसुलावर दिलेली पैशाची चिठ्ठी. रकमेपुढच्या दोन उभ्या रेघा, ‘॥’, टाइप करताना गाळल्या होत्या. ते आठ आणे होते.

‘पैवस्ती’ची नोंदही मला इथेच कळली. पत्र कधी लिहिलं त्याखेरीज ते कधी पोचलं, हेही कागदावर असतं.

उणिवा आहेत. प्रमाणपत्र मिळत नाही. तीन महिन्यांत प्रबंध जमा करायचा असेल तर इथे येऊ नका, काका कुणाचंही पान स्वतः वाचून देत नाहीत, कितीही पैसे देऊ केले तरी. मोबाइलवर काढलेला अंधुक फोटो ते हातात घेत नाहीत. मोठ्या आकाराची छापील नकल आणि भिंग आणावं लागतं. जिना अरुंद आणि चढा आहे, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी विचार करावा. फारसी वळणाचे मजकूर आले की काका सरळ सांगतात, “हे माझं क्षेत्र नाही.” हा स्पष्टपणा मला फार मोलाचा वाटतो.

तासिका संपल्या तरी शंका विचारायला येऊ देतात, वेगळे पैसे न घेता. माझी साठेक पानं अजून बाकी आहेत. ती आता मी घरी वाचते आणि अडलेली ओळ वहीत उतरवून बुधवारी घेऊन जाते.