मानदुखी: मशीन, ट्रॅक्शन की व्यायाम?

मानदुखी घेऊन गेलं की बहुतेक फिजिओथेरपी क्लिनिकांत आधी शेक, मग आयएफटी किंवा टेन्स (त्वचेवर पॅड लावून सौम्य विजेचा प्रवाह देणारी मशीन). १५-२० मिनिटांत आखडलेली मान सैल होते, पण हा आराम फार टिकत नाही. नुसत्या मशीनवर दहा-दहा सिटिंगचं पॅकेज घेऊ नका. अल्ट्रासाउंडचा (ध्वनिलहरींचा उपचार, सोनोग्राफी नव्हे) तर मानदुखीत फारसा उपयोग दिसत नाही. ट्रॅक्शनचा, म्हणजे मान ताणून धरण्याच्या उपचाराचा, विचार हातात कळ किंवा मुंग्या उतरत असतील तरच करावा, सरसकट नको.

खरा गुण येतो तो व्यायामाने. पाठीवर झोपा, डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी ठेवा. ‘हो’ म्हणताना मान हलते तेवढीच हनुवटी गळ्याकडे ओढा. १० सेकंद धरा, असं १० वेळा. चूक हमखास इथेच होते: डोकं घडीवरून उचललं जातं. गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोरीसारखे स्नायू ताठ झाले, की समजा, आतल्या स्नायूंचं काम बाहेरचेच करताहेत. जोर निम्म्यावर आणा. जोडीला हाताने सांधे मोकळे करणारा थेरपिस्ट मिळाला तर फारच छान. सहा आठवडे तरी खाडा नको.

हाताची पकड सैल पडली किंवा चालताना तोल जायला लागला, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना गाठा.