घरमालकाला पत्र लिहावं, की त्याची सोय विचारावी?

अमेरिकेत घर शोधणाऱ्या मित्रमंडळींशी कर्ज, शाळा, बजेट हे सगळं बोलून झालं की शेवटी एक प्रश्न निघतोच: "ऑफरसोबत मालकाला पत्र जोडू का?" एकाच घरावर सात-आठ ऑफर आलेल्या असतात, रक्कम आणखी ताणता येत नसते. अशा वेळी वाटतं, दोन शब्द मनापासून लिहिले तर आपलं पारडं जड होईल. आम्ही २०२१च्या वसंतात घर शोधत होतो. एका घरासाठी पत्र लिहिलं. दुसऱ्यासाठी लिहिलं नाही, त्याऐवजी मालकाची अडचण काय आहे हे विचारलं. दोन घरांवरून नियम काढता येत नाही, हे मला मान्य आहे. पण दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत, म्हणून लिहितोय.

आधी पत्राची बाजू. ज्यांनी एका घरात पंचवीस-तीस वर्षं काढली, झाडं लावली, गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने कपाटं बसवली, त्यांना आपलं घर कुणाकडे जातंय याची काळजी असते. माझ्या एका सहकाऱ्याने असंच घर घेतलं. मालक एजंटशिवाय स्वतःच विकत होते. सहकाऱ्याने पत्रात फक्त गॅरेजमधल्या सुतारकामाबद्दल लिहिलं, तिथे आपण काय काय करू ते लिहिलं, आणि थोडी कमी रक्कम असूनही घर त्याला मिळालं. तेव्हा पत्राने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. मात्र विकणारी बँक असेल, बिल्डर असेल, डागडुजी करून विकणारा गुंतवणूकदार असेल, किंवा आईवडिलांच्या मागे चार भावंडं मिळून घर विकत असतील, तर ते पत्र कुणी मन लावून वाचेल अशी आशा ठेवू नये.

आमचं पत्र मी शनिवारी रात्री लिहिलं. सोमवारी दुपारी ऑफरची मुदत संपत होती. मी लिहिलं की मागच्या अंगणात आमची मुलगी खेळेल. आईबाबा दरवर्षी काही महिने येतात, तळमजल्यावर बेडरूम आहे म्हणून त्यांना जिना चढावा लागणार नाही. आणि पूर्वेकडच्या कोपऱ्यात आमचं देवघर छान बसेल. बायकोने वाचलं, तिचेही डोळे भरून आले. रविवारी आमच्या एजंटने ते परत पाठवलं आणि या तिन्ही वाक्यांवर काट मारली होती.

तिचं कारण बरोबर होतं. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, लिंग, घरात लहान मुलं असणं किंवा अपंगत्व या आधारावर घर विकण्यात भेदभाव करता येत नाही. (लिंग त्यात १९७४ साली आलं, मुलं आणि अपंगत्व १९८८ साली.) देवघर म्हटलं की धर्म कळतो, मुलगी म्हटलं की कुटुंब कळतं, जिना टाळायचा म्हटलं की कुणी वेगळाच अर्थ काढू शकतं. असं पत्र वाचून मालकाने कुणाला निवडलं किंवा नाकारलं, तर उद्या आरोप त्याच्यावर आणि त्याच्या एजंटवर येऊ शकतो. म्हणून रविवारी रात्री पुन्हा बसलो. खिडक्यांतून येणारा उजेड आवडला, डेक भक्कम आहे, स्वयंपाकघर छान ठेवलंय. सहा ओळी उरल्या, आणि त्या सहा ओळींखाली कुणीही सही केली असती तरी चाललं असतं. जे सांगावंसं वाटत होतं ते सांगता येत नव्हतं, आणि जे सांगता येत होतं त्यात आम्ही कुठेच नव्हतो.

सोमवारी समोरच्या एजंटचं एका ओळीचं उत्तर आलं: आमचे क्लायंट पत्रं स्वीकारत नाहीत. हे अपवादात्मक नाही. रिअल इस्टेट एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने ऑक्टोबर २०२०मध्येच सदस्यांना अशा पत्रांचे धोके समजावून सांगितले होते. ऑरेगन राज्याने २०२१ साली कायदाच केला की विकणाऱ्याच्या एजंटने अशी पत्रं पुढे देऊ नयेत. तो जानेवारी २०२२पासून लागू होणार होता, पण मार्च २०२२मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर फेडरल न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे पत्र लिहिणं बेकायदा नाही. ते वाचलं जाईल याची खात्री मात्र नाही.

ते घर गेलं. त्याचं दुःख झालं, पण मला जास्त लागलं ते पुढे कळलेलं. ज्यांना घर मिळालं त्यांची रक्कम आमच्या जवळपासच होती; त्यांनी मालकाला हवी होती ती क्लोजिंगची, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर होण्याची, तारीख दिली होती. आम्ही दोन रात्री वाक्यं घासत बसलो आणि तुम्हाला तारीख कुठली सोयीची, एवढं विचारलंच नाही.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. पत्राचा फायदा कुणाला होतो? ज्याचं कुटुंब, ज्याचे सण, ज्याचं बोलणं मालकाला स्वतःसारखं वाटतं, त्याला. ऑफरवर आमची नावं असतातच, ती लपत नाहीत. पण 'आम्ही कोण' यावर निवड करा असं आपणच सुचवायचं, आणि ती निवड नेहमी आपल्या बाजूने होईल असं धरून चालायचं, हे मला पटेनासं झालं.

दुसऱ्या घराच्या वेळी आमच्या एजंटने ऑफर लिहायच्या आधी समोरच्या एजंटला फोन केला आणि विचारलं, रकमेखेरीज मालकांना काय महत्त्वाचं आहे? उत्तर दोन मिनिटांत मिळालं. त्यांचं नवं घर तयार व्हायला वेळ होता आणि मधल्या काळासाठी सामान दोनदा हलवायचं नव्हतं. आम्ही क्लोजिंग तीस दिवसांत करायचं ठरवलं, आणि पुढे पंचेचाळीस दिवस त्यांनी भाडं न देता तिथेच राहावं असं लिहून दिलं. याला रेंट-बॅक म्हणतात. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या कर्जात साधारणपणे बँकेची अट असते की आपण क्लोजिंगपासून साठ दिवसांत राहायला जावं, म्हणून साठाच्या वर जाऊ नये. डिपॉझिट, विमा, मुदतीनंतर राहिल्यास दर दिवसाचे पैसे, हे सगळं कागदावर घ्यावं. तोंडी काही ठेवू नये.

याला पैसे पडतात, हे कबूल करायला हवं. पत्र फुकट असतं. आम्ही त्या काळात अपार्टमेंटचं भाडं भरत होतो आणि घराचे हप्तेही सुरू होणार होते. साधारणपणे क्लोजिंगनंतरचा एक पूर्ण महिना सोडून पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पहिला हप्ता येतो, त्याने ओझं थोडं हलकं झालं. अर्नेस्ट मनी, म्हणजे बयाणा, जरा वाढवली, इन्स्पेक्शनची, म्हणजे घराच्या तपासणीची, मुदत पाच दिवसांवर आणली. इन्स्पेक्शन सोडून मात्र दिलं नाही, आणि कितीही चढाओढ असली तरी कुणी सोडू नये असं माझं मत आहे. एजंटच्या म्हणण्यानुसार आमची ऑफर सर्वांत मोठी नव्हती. घर आम्हाला मिळालं.

माझा कल एव्हाना कळलाच असेल. तरी मालक स्वतःच विकत असतील, दारात उभं राहून तुमच्याशी घराबद्दल गप्पा मारत असतील, तर मी आजही पत्र लिहीन. पत्रं घेतात का ते आधी विचारीन. अर्ध्या पानाच्या वर जाणार नाही, फोटो जोडणार नाही, आणि लिहीन ते फक्त घराबद्दल: कुठलं झाड, कुठलं कपाट, कुठला कोपरा. एजंटांमार्फत व्यवहार असेल तर ती संध्याकाळ तो एक फोन लावण्यात आणि कर्जमंजुरीचं पत्र ताजं करून घेण्यात घालवीन.

आधीच्या मालकांना आम्ही पत्र लिहिलं, पण आम्ही तिथे राहायला आल्यावर, ऑगस्टमध्ये. त्यांच्या हायड्रेंजियाला निळी फुलं आली होती, त्याचा फोटो जोडला, शेजारी मुलगी उभी आहे. आईबाबा कुठल्या खोलीत राहणार आणि देवघर कुठे मांडलं, तेही लिहिलं.